एक लाख एक हजार सहाशे चाळीस झाडं

येळवशीला भांडायचं नसतं, हे वाक्य या घरात दर वर्षी भांडण सुरू व्हायच्या आधी कुणीतरी म्हणतंच. यंदा ते आश्रुबांनी म्हटलं. नांदूरघाटच्या शिवारात, त्यांच्या चौदा एकरांच्या कडेला कडब्याची कोप उभी होती. कोपीत चुना फासलेले पाच दगड पांडव म्हणून मांडले होते. पूजा झाली होती, शेताला फेरी मारून अंबील शिंपडून झाली होती, चुलीवर पालेभाज्या-शेंगांची भज्जी खदखदत होती. येळवशी म्हणजे वेळ अमावास्या: वर्षातून एक दिवस सगळ्या घरानं शेतात येऊन जेवायचं, इतकी साधी गोष्ट. जेवायला बसायचं तेवढं राहिलं होतं, आणि नेमकी तेव्हाच प्रियदर्शनीनं पिशवीतून नोटीस बाहेर काढली.

"जेवल्यावर काढली असतीस तर काय बिघडलं असतं?" अमरसिंह म्हणाला.

"आठ दिवस तू काढली नाहीस, म्हणून मला काढावी लागतेय, दादा."

अमरसिंह आश्रुबांचा मुलगा. पुण्यात बसून 'साखराई' नावानं लाकडी घाण्याचं करडईचं तेल विकत होता. घाणा मात्र इथं, आणि तो चालवायची त्याची आत्या शिवकन्याबाई. नवरा गेल्यावर पोरगी काखेला मारून माहेरी आलेली ही बाई. तीच काखेतली पोरगी, प्रियदर्शनी, आता अंबाजोगाईच्या कोर्टात वकिली करत होती आणि मामेभावाकडे डोळे वटारून बघत होती. बाटलीवर फोटो शिवकन्याबाईंचाच होता. डोक्यावर पदर, ओंजळीत करडई, आणि खाली त्यांच्याच अक्षरात, सहीसकट: 'एका बाटलीमागे एक झाड. हा माझा शब्द.'

त्या स्वतः तेव्हा कोपीपाशी नव्हत्या. येळवशीला वाटेनं जाणाऱ्याला हाक मारून जेवायला बसवायचा रिवाज आहे. त्या कामावर त्या सडकेला गेल्या होत्या, आणि त्या येईपर्यंत काय ते मिटवावं असं अमरसिंहाला वाटत होतं.

प्रियदर्शनीनं वाचून दाखवलं. नोटीस दिल्लीच्या ग्राहक प्राधिकरणाची होती. बाटलीवर झाडाचं वचन आहे, वेबसाइटवर 'यंदा १,०१,६४० झाडे लावली, जगण्याचे प्रमाण शंभर टक्के' असं आहे, बाटलीच्या चारही अंगांना 'शंभर टक्के पर्यावरणपूरक' आहे. पंधरा दिवसांत पुरावा द्या. आठ दिवस अमरसिंहाच्या खणात गेले होते, उरले सात.

"कायदा काय म्हणतो ते नीट ऐक," ती म्हणाली. "कायदा झाडं लावा असं म्हणत नाही. लावली म्हणालात ना, मग दाखवा म्हणतो. आणि पर्यावरणपूरक म्हणजे काय, कशाच्या मानानं, कुणी तपासलं, हे सांगता येत नसेल तर तो शब्द छापायचाच नाही. बाटली प्लास्टिकची आहे तुझी. प्लास्टिकच्या बाटलीवर पर्यावरणपूरक! छापताना हात कसा धजला?"

"तेल पर्यावरणपूरक आहे."

"मग तेलावर छापायचं होतं."

कोपीच्या सावलीत बाजेवर आडवे झालेले अंगदराव हसले. आश्रुबांचे धाकटे भाऊ, दोनदा पंचायत समितीवर निवडून गेलेले, तिसऱ्यांदा पडलेले. तेव्हापासून त्यांना दुसऱ्याच्या अडचणीत भारी रस वाटे.

"बाटलीचं नंतर बघू," प्रियदर्शनी म्हणाली. "झाडांचं तर सरळ आहे. मला गट नंबर द्या, फोटो द्या, रोपवाटिकेचे कागद द्या. मी उत्तर लिहिते."

"ते आबांकडं. झाडं आबांनी लावली."

"मामा?"

"लावली की," आश्रुबा ताठ बसत म्हणाले. "एक लाख एक हजार सहाशे चाळीस."

"कुठं?"

"कुठं म्हंजे? हितंच. तू हुबी हायस तिथं."

प्रियदर्शनीनं खाली पाहिलं. चपलेखाली काळं ढेकूळ होतं. मग तिनं चौफेर नजर फिरवली. नांगरट झालेलं रान, त्यापलीकडे विहीर, विहिरीपलीकडे हद्दीबाहेर करडईचा हिरवा पट्टा, आणि लांब बांधाच्या टोकाला एक वाकडी बाभूळ.

"मामा, इथं एकच बाभूळ आहे."

"ती आपली न्हाई. शेजारच्याची हाय."

प्रियदर्शनीला आता अंदाज आला. पण वकिलाची सवय. शेवटचा प्रश्न आधी विचारायचा नाही. कंपनी प्रत्येक गिऱ्हाइकाला झाडाचा नंबर घातलेलं प्रमाणपत्र पाठवायची. तक्रारीला तसं एक जोडलेलं होतं. ते तिनं समोर धरलं. "हे एकसष्ट हजार दोनशे चार नंबरचं झाड. हे कुठं होतं?"

आश्रुबांनी डोळे मिटले, ओठ हलवले. "एकरात सात हजार दोनशे साठ. आठ एकर गेले. नवव्या एकरात येतंय. त्या हिरीच्या अंगाला, मोटर हाय नव्हं, तिच्या अलीकडं."

"आणि ते आता कुठं आहे?"

आश्रुबांनी चुलीकडे हात केला. पातेल्याखाली पऱ्हाट्या तडतडत होत्या. वेचणी संपली की कपाशी उपटायची आणि वाळली की सरपणाला लावायची, हे या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

"मामा," प्रियदर्शनी हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही कापसाची झाडं मोजली?"

"मग काय आंब्याची मोजू? चार बाय दीड फुटावर लावली. एकरी झाडं किती असं इचारल्यावर माणूस काय सांगंल?"

*

पुढचा पाव तास आश्रुबांनी मुलाचं बोलणं ऐकून घेतलं. अमरसिंहानं फोन काढून जूनमधला निरोप सगळ्यांना दाखवला, जणू त्यात तोच निर्दोष सुटणार होता. त्यानं लिहिलं होतं: 'आबा, लागवड झाली का? किती झाडं?' खाली आश्रुबांनी बोलून पाठवलेलं उत्तर होतं. तेही त्यानं लावलं. आश्रुबांचाच खणखणीत आवाज शेतात घुमला: "झाली. एक लाख एक हजार सहाशे चाळीस. जिथं उगवली न्हाईत तिथं परत बी टोकून नांग्या भरून घेतल्या. एकबी जागा रिकामी न्हाई."

"हेच ते शंभर टक्के जगण्याचं प्रमाण का?" प्रियदर्शनीनं विचारलं.

अमरसिंहानं फोन खिशात टाकला.

"मी गेल्या वर्षीच्या दिवाळीत काय सांगितलं होतं, आबा?" अमरसिंहाचा आवाज चढला. "माळावर झाडं लावायची. खडकाळ माळ मोकळा पडलाय, तिथं लावू. बोललो होतो का नव्हतो?"

"बोललाव्हतास. रोपं कवा पाठवलीस?"

"रोपं अंगदकाका आणणार होते!"

अंगदराव बाजेवर उठून बसले. "मी म्हणलो व्हतो, बगू. बगू म्हंजे आणतो व्हय? बारा वर्षं राजकारण केलंय बे मी, बगू म्हणलेलं कुणी मनावर घेतंय का?"

"आबा, एक लाख झाडं म्हटल्यावर तुम्हाला एवढं कळू नये? कापसाच्या आकड्याचं मी काय करणार होतो? अडाण्यासारखं..."

शब्द तोंडातून गेला तो गेलाच. आश्रुबांना राग आला तो त्या शब्दाचा नाही, आकड्याचा. चाळीस वर्षं ते दोरी धरून सरी मोजत आले होते. कुणाचं रान मोजायचं असलं की गाव त्यांना बोलावायचं. त्या जूनमध्ये मुलानं पहिल्यांदाच शेताची चौकशी केली होती. लागवड झाली का, किती झाडं. केवढं बरं वाटलं होतं त्यांना! पोरगं पुण्यात राहून रानाचं विचारतंय म्हणून ते गावात चार जणांना सांगून आले होते. त्याला चूक आकडा जाऊ नये म्हणून शेवटच्या एकराच्या सऱ्या त्यांनी पुन्हा एकदा मोजल्या होत्या. आणि तो आकडा पोरानं तेलाच्या बाटलीवर चिकटवला.

"आकडा बरोबर हाय," ते एवढंच म्हणाले.

"आकडा बरोबर आहे, आबा! झाडं नाहीत!"

*

रोहिणी कोपीच्या तोंडाशी बाजरीच्या पिठाचे उंडे थापायचं काम करत होती. काम कसलं, हात गुंतवून ठेवला होता. अमरसिंहाची ही बायको बाटलीवरची वाक्यं लिहायची. 'एका बाटलीमागे एक झाड' तिनंच लिहिलं होतं, आणि सगळा राग सासऱ्यावर निघतोय म्हणून ती इतका वेळ गप्प होती. त्याची तिलाच लाज वाटायला लागली होती.

तिला तो आकडा आला तो दिवस आठवत होता. एक लाख झाडं म्हणजे खड्डे, पाणी, कुंपण, माणसं. हे सगळं कुठून आलं, असं मनात आलं होतं तिच्या. क्षणभरच. मग ते शेवटचे सहाशे चाळीस दिसले. नुसते एक लाख असते तर खोटं वाटलं असतं; सहाशे चाळीस इतके खरे होते की पुढं कुणी काही विचारणार नाही, हे तिला कळलं. तिनंही विचारलं नाही.

आणि आत्या? जाहिरातीचा व्हिडिओ काढताना आत्यांनी तिला अडवलं होतं. "रोहिणी, एका बाटलीला एक झाड कसं पुरंल ग? बाटलीभर तेलाला करडीची दोनशे तरी झाडं लागत्यात." कॅमेऱ्यामागची पोरं खो खो हसली होती. रोहिणीही हसली होती. आत्या ओशाळून म्हणाल्या, "तुमी शिकलेले हाव, तुमचं तुमी बगा," आणि वाक्य म्हणून टाकलं. त्या दिवशी हसण्याऐवजी कुणी 'तसं नाही आत्या, वेगळी झाडं' असं समजावलं असतं, तर त्यांनी पुढचा प्रश्न विचारलाच असता. त्या विचारल्याशिवाय राहणाऱ्या नव्हत्या.

"पुरात गेली म्हणा," अंगदरावांनी तोडगा काढला. "औंदा भादव्यात पानी कसं झालं सगळ्यांनी बगितलंय. माळावर लावली, पुरात वाहून गेली. सरपंचाचा दाखला मी आणून देतो."

"माळावर पूर?" आश्रुबा म्हणाले. "माळावर पूर आला तर नांदूरघाट उरंल का, अंगद?"

"मग दुष्काळ लिव्हा. बीड जिल्ह्याच्या दुष्काळाला कोन शंका घेतंय?"

"पूर आणि दुष्काळ एकाच वर्षात, एकाच माळावर," प्रियदर्शनी म्हणाली. "धाकले मामा, मला वकिली करायची आहे अजून."

अंगदराव गप्प बसले. पण ते गप्प बसले की समजायचं, पुढचं येतंय. पडलेला माणूस असला तरी बुद्धी पडलेली नव्हती. त्यांनी पान लावलं, तोंडात घातलं, आणि अगदी सावकाश म्हणाले, "बरं, खोटं नगं. खरंच लिव्हा. असं लिव्हा: एक लाख एक हजार सहाशे चाळीस झाडांची लागवड आमच्या रानात झाली. शिवकन्यानं ती सोताच्या डोळ्यांनी बगितली. आज ती झाडं हयात न्हाईत. सांगा, ह्यात एक अक्षर खोटं हाय का?"

चुलीतली पऱ्हाटी मोडून बाहेर पडली. रोहिणीनं ती पायानं आत सारली.

"आबा सही करतील?" अमरसिंहानं विचारलं. वडिलांकडे न बघता.

आश्रुबांनी एकेक वाक्य बोटांवर मोजून पाहिलं. "खोटं न्हाई त्यात," ते म्हणाले. "तुझं भलं व्हत असंल तर करतो सही."

रोहिणीनं प्रियदर्शनीकडे पाहिलं. आता ही उसळणार, अशी तिची खात्री होती. पण प्रियदर्शनी पेन दातात धरून जमिनीकडे बघत होती.

"वन्सं?"

"टिकू शकतं," प्रियदर्शनी हळूच म्हणाली. "जागेवर येऊन तपासणारा कुणी नाही आला, तर टिकू शकतं."

"तुम्ही असं म्हणताय?"

"मी काय म्हणू, वहिनी? नोटीस एक नाही, दोन आहेत." तिनं पिशवीतून दुसरा कागद काढला. "दुसरी आईच्या नावावर आहे. जाहिरातीत ज्याचा चेहरा, तोही जबाबदार. कंपनीला पहिल्या खेपेला दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, तसा तिलाही होऊ शकतो. वर्षभर कुठल्याच जाहिरातीत दिसायचं नाही, अशी बंदी येऊ शकते. तिनं आधी खात्री करून घेतली होती असं दाखवता आलं, तरच ती सुटते. 'झाडं डोळ्यांनी बघितली' एवढं तिनं लिहून दिलं, तर सुटेल माझी आई. ह्याचं काय व्हायचं ते होवो, मला माझ्या आईचं बघू दे!"

शेवटचं वाक्य ती ओरडूनच म्हणाली. त्यामुळे बांध उतरून येणाऱ्या शिवकन्याबाईंना ते पुरतं ऐकू गेलं.

*

शिवकन्याबाईंच्या मागं धोंडीराम होता. धारूरच्या डोंगराकडून मेंढरं घेऊन खाली उतरलेला मेंढपाळ. मेंढरं सडकेच्या कडेला थांबवून, 'बाई, मला उशीर व्हतोय' असं तीनदा सांगूनही त्याची सुटका झाली नव्हती. त्यांनी त्याला कोपीपाशी बसवलं, पत्रावळ मांडली, अंबिलीचा पेला भरून दिला. मग हात पदराला पुसून त्या लेकीकडे वळल्या.

"माझं काय बगायचंय तुला?"

अंगदराव पान चघळायचे थांबले.

"कागद माझ्या नावचा हाय म्हणलीस. दे इकडं."

इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं, पण आपलं नाव कुठल्याही लिपीत ओळखावं तसं त्यांनी ते ओळखलं, आणि वरची तारीखही वाचली. "आठ दिस झाले. कुणाच्या खिशात व्हता?"

"आत्या, तुम्हाला त्रास नको म्हणून मी..." अमरसिंह म्हणाला.

"माझ्या नावचा कागद तू आठ दिस खिशात ठेवलास? पावना आलाय म्हणून गप बसते, अमर. न्हाईतर आज तुला ह्या पऱ्हाटीनं सडकला असता."

प्रियदर्शनीनं सगळं सांगितलं. आकडा, लागवड, धाकल्या मामांचा तोडगा. शिवकन्याबाई उभ्यानं ऐकत होत्या. ऐकता ऐकता त्यांचं लक्ष आश्रुबांकडे गेलं. मोठा भाऊ पाठ वाकवून बसला होता; असं बसलेलं त्यांनी त्याला फार क्वचित पाहिलं होतं.

"अडानी म्हणला का कुणी दादाला?"

अमरसिंहानं मान खाली घातली.

"धोंडीराम," त्यांनी वळून हाक मारली, "एकराला झाडं किती बसत्यात रं?"

धोंडीरामानं घास गिळला. "चार बाय दीडनं लावली तर सात-सव्वासात हजार, बाई. कावून?"

"काय न्हाई. जेव." त्या अमरसिंहाकडे वळल्या. "बघ. मेंढरामागं हिंडणाऱ्या मानसाला इचारलं तरी त्येच सांगतो. सगळा मुलूख अडानी, तू एकटा शहाणा! शेतकऱ्याच्या पोटचा असून तुला आपल्या बापाची बोली कळना?"

मग त्यांनी तक्रारीचं पान मागितलं. ते मराठीत होतं, हातानं लिहिलेलं. नाशिकच्या कुणी सुनिता नावाच्या बाईचं. प्रियदर्शनी वाचायला लागली तशी त्यांनी तिला थांबवलं आणि स्वतःच, अक्षरावर बोट ठेवत वाचलं. 'मी शाळेतून निवृत्त झाले आहे. वर्षभरात अकरा बाटल्या घेतल्या. माझी अकरा झाडं बघायला नातवंडांना घेऊन यावं असं मनात होतं. तीनदा पत्ता विचारला, तिन्ही वेळा नुसतं प्रमाणपत्र आलं. मी जाहिरातींना भुलणारी नाही. पण बाटलीवरच्या बाईंच्या चेहऱ्याकडे बघून वाटलं होतं, ही बाई खोटं बोलणार नाही.'

त्यांनी ते शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं. इतकी वर्षं गावात त्यांचा शब्द चालत होता, आणि त्यांना न भेटलेली एक बाई त्याच शब्दावर तेल घेऊन फसली होती.

"शिवे," अंगदराव समजुतीनं म्हणाले, "मी म्हणतो त्यात खोटं काईच न्हाई. झाडं व्हती. तू बगितलीस. आता न्हाईत."

"बगितली की. कापूस येचलाय मी त्येंचा."

"मग झालं तर. सही कर."

शिवकन्याबाई बांधाकडे बघत होत्या. त्या बांधाला अजूनही गाव साखराबाईचा बांध म्हणतं. त्यांच्या वडिलांनी, मुंजाजींनी, हद्दीचा दगड दोन हात पलीकडे सरकवला होता. पंच जमले तेव्हा त्यांनी बायकोला पढवलं, नुसतं एवढंच सांग की दगड जुना हाय. खोटं बोलू नगंस. साखराबाई पंचांपुढं उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, दगड जुना हाय, जागा नवी हाय. त्यानंतर मुंजाजी वर्षभर त्यांच्याशी बोलले नव्हते. सहा वर्षांची शिवकन्या तेव्हा आईचा पदर धरून उभी होती.

"अंगद, तू त्या टायमाला पाळण्यात व्हतास," त्या म्हणाल्या. "म्हणून तुला आठवत न्हाई. दगड जुना हाय, आसंच सांगायलास तू. आईचं नाव बाटलीवर लिव्हायचं आन् तिच्याच बांधाला बसून हे करायचं? पियू, लिही. मी सांगते तसं."

"आई, थांब. तू बघितली होतीस, एवढं तरी राहू दे. त्यानं तू सुटतेस."

"मला सुटायचं न्हाई. मला बोलायचंय. लिही: आमच्याकडं झाड म्हणजे कापसाचंबी झाड असतंय. माझ्या भावानं ती मोजली. त्येचा आकडा बरोबर हाय. पर बाटली घेणाऱ्या बाईला जी झाडं वाटली, ती आमी लावली न्हाईत. मी बाटलीवर शब्द दिला. कशाचं झाड ते इचारलं न्हाई. चूक माझी हाय. बाटलीवरची ती ओळ काढतो. माझा फोटोबी काढतो."

"आत्या!" अमरसिंह उठून उभा राहिला. "फोटो काढला तर तेल कोण घेणार? दुसरं कुणीही करडई तेल विकतं. लोक तुमच्याकडं बघून घेतात!"

"त्येच तर वाचलं आत्ता मी."

"कंपनी बसेल आत्या. सहा वर्षं घातलीत मी त्यात."

"मला म्हाईत हाय," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "घाणा माझाबी हाय, अमर. मीबी बसनार हाय तुझ्यासंगं. पर ह्या तोंडानं गावात फिरायचंय मला."

रोहिणी उठली. पिठाचे हात तसेच. "ते वाक्य मी लिहिलं होतं, वन्सं. माझंही नाव घाला. आणि ते चारही अंगांचं पर्यावरणपूरकही काढतोय म्हणून लिहा. सगळ्या गिऱ्हाइकांना मी स्वतः कळवते, नंबर घातलेलं प्रमाणपत्र खोटं होतं म्हणून."

अमरसिंहानं बायकोकडे पाहिलं, मग बापाकडे, मग काकांकडे. काकांनी पान थुंकायला कोपीमागं जायचं निमित्त काढलं होतं. आता त्याच्या बाजूला कुणी उरलं नव्हतं. प्रियदर्शनीनं कागद गुडघ्यावर ठेवून लिहून काढलं. आपणहून चूक कबूल करून दुरुस्ती केली तर दंड कमी होण्याची आशा असते, असं तिनं सांगितलं. खात्री देत नाही, असंही सांगितलं. शिवकन्याबाईंनी सही केली. बाटलीवर होती तशीच, ठळक आणि सावकाश. अमरसिंहानं पेन हातात घेऊन बराच वेळ धरून ठेवलं आणि मग तिच्याखाली आपली सही केली.

"आबा," तो खाली बघत म्हणाला, "ते मघाचं..."

"जेव आता. भज्जी निवायली," आश्रुबा म्हणाले.

पत्रावळी मांडल्या गेल्या. धोंडीराम मात्र उठला, पोटभर जेवण झालं म्हणून हात जोडले आणि मेंढरांकडे निघाला. शिवकन्याबाई भज्जी वाढत भावापाशी आल्या.

"दादा, त्या नाशिकच्या बाईला मी फुडच्या येळवशीला जेवायला बोलावनार हाय. नातवंडं घिऊन. तवर ह्या आईच्या बांधाला अकरा झाडं लावायची."

आश्रुबांनी हातातला घास खाली ठेवला. "कशाची?"

उत्तर अमरसिंहानं दिलं. "लिंबाची, आबा."

"लिंब तर लिंब. पर आदी नीट सांग," आश्रुबा म्हणाले. "कडू का कागदी?"

अमरसिंहानं मान वर केली. "कडू, आबा," तो म्हणाला. "कागदी नको आता."